एका द्राक्षाचा माग

एका टेबलावर चार वाइन, प्रत्येकीचं माप ३० मिलिलिटर. अशी दहा टेबलं केली तर १२०० मिलिलिटर, म्हणजे ७५०च्या दीड बाटलीहून जास्त. नाशिकच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर वाइनरींची टेबलं मांडली होती आणि फाटकावर मनगटाला कागदी पट्टा बांधून घेतानाच माझ्या मामेभावाने हा हिशेब तोंडी करून टाकला. दादाची दिंडोरी तालुक्यात थॉमसन सीडलेसची बाग आहे. "तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून सगळीकडे ग्लास पुढे करशील, तर सहाव्या टेबलाला तुला पाणी आणि वाइन सारखंच लागेल," तो म्हणाला.

थोडक्यात, निवड करणं भाग होतं. प्रश्न होता तो कशावरून करायची याचा.

आत शिरलेली बहुतेक मंडळी सर्वांत मोठ्या फलकाकडे वळत होती, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. नाशिकच्या वाइनची गोष्ट सुलापासून सांगायची रीतच पडली आहे. अमेरिकेतून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, आईच्या सुलभा या नावावरून वाइनरीचं नाव ठेवलं आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं, आणि निफाड, दिंडोरी, इगतपुरीकडे वाइनरी वाढत गेल्या.

पण नुसत्या फलकांवरून निवड करण्यात एक गंमत होते. यॉर्क ही वाइनरी गुरनानी कुटुंबाने उभी केली. योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. २०२१ मध्ये ती सुलाने विकत घेतली. दिंडोरीकडची चारोसा २०१८ मध्ये ग्रोव्हर झंपाकडे गेली, आणि ग्रोव्हर झंपा हीच मुळात कर्नाटकातली ग्रोव्हर आणि नाशिककडची झंपा २०१२ मध्ये एकत्र येऊन झालेली. पाट्या वेगळ्या, मालक एक, असं निघू शकतं.

दुसरा मार्ग दिशेचा. गंगापूर धरणाकडच्या, दिंडोरीकडच्या, निफाडच्या आणि इगतपुरीच्या घाटमाथ्याजवळच्या वाइनरींपैकी एकेक घ्यायची. हे आकर्षक होतं. पण एकीकडची लाल, दुसरीकडची पांढरी आणि तिसरीकडची गोड चाखून मातीचा फरक कळला म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. मग ठरलं ते असं: द्राक्ष एकच धरायचं आणि ज्या टेबलांवर ते आहे तेवढ्याच टेबलांवर जायचं. आम्ही शेनिन ब्लाँ धरलं.

फ्रान्सच्या ल्वार नदीकाठचं हे पांढरं द्राक्ष. ऊन वाढलं तरी ते आपला आंबटपणा सहसा सोडत नाही, म्हणून नाशिकला ते मानवलं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. थंडीत रात्रीचा पारा कधी १० अंशांच्या खाली उतरतो, आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. शिवाय शेनिन अनेक रूपांत भेटतं. फसफसणाऱ्या वाइनमध्ये ते असतं, कोरड्या आणि किंचित गोड वाइनमध्ये असतं आणि उशिरा काढणी केलेल्या गोड वाइनमध्येही असतं. क्रमही त्यानेच ठरवून दिला. फसफसणारी आधी, कोरडी नंतर, गोड शेवटी. गोड आधी घेतली की मागाहून येणारी कोरडी वाइन उगाचच आंबट लागते.

पहिलं टेबल शाँदोंचं. मोएट हेनेसीची ही शाखा दिंडोरीत वाइन बनवते आणि २०१३ मध्ये तिची भारतीय बाटली बाजारात आली. तिच्या ब्रूटमध्ये शेनिनला शार्दोने आणि पिनो न्वारची जोड असते, आणि बुडबुडे येतात ते बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे. फसफसणाऱ्या वाइनसाठी घड लवकर उतरवतात, आंबटपणा टिकावा म्हणून. दादाने घोट गालात फिरवला, बादलीत टाकला आणि म्हणाला, "हे घड मी अजून पंधरा दिवस ठेवले असते."

खरी मजा आली कोरड्या शेनिनपाशी. टेबलामागच्या मुलीने पाठ केलेलं सुरू केलं: पेरू, नासपती, फुलांचा गंध. दादाने तिला मध्येच विचारलं, "काढणी कधीची? ब्रिक्स किती होतं?" ती क्षणभर गप्प झाली आणि मागे खोकी उघडत असलेल्या सेलरमधल्या मुलाला तिने हाक मारली. तो आला आणि बोलण्याचा नूरच पालटला. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. दादा निर्यातीचं थॉमसन १८च्या आसपास उतरवतो. वाइनचं द्राक्ष २२-२३पर्यंत जाऊ देतात, कारण त्याच साखरेचा मद्यार्क व्हायचा असतो. ती पूर्ण आंबू दिली तर वाइन कोरडी होते. टाकी थंड करून आंबणं मध्येच थांबवलं तर गोडी मागे राहते.

मण्यांचाही विषय निघाला. दादा मणी फुगावा म्हणून जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) या संजीवकाचे डिप देतो, घडाची विरळणी करतो. इथे नेमकं उलटं. मणी लहान, साल जाड, आत बिया, कारण रंग आणि गंधाचा बराच भाग सालीत असतो. छाटण्या मात्र दोघांच्या त्याच: एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक दुसरीवरच घ्यायचं.

पुढच्या टेबलावर शेनिन बर्फातून नुकतंच काढलेलं होतं, इतकं गार की वासच येईना. ग्लास तळहातात धरून दोन-तीन मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे पिकलेल्या पेरूचा वास वर आला. शेजारच्या गृहस्थांनी तेवढ्यात तीन ग्लास रिकामे केले होते. त्यानंतर सुलाचं किंचित गोड शेनिन आणि शेवटी तिचंच लेट हार्वेस्ट. वेलीवर जास्त दिवस राहिलेल्या घडांची ही वाइन रंगाला मधाकडे झुकलेली, पण तिखट-गोड चटणीबरोबर घेतली तर आंबटपणा तिला सावरून धरतो.

या निवडीत बरंच हातचं सुटलं, हेही खरं. निफाडच्या रेव्हेलोचं इटालियन वळणाचं ग्रिल्लो आणि नेरो दाव्होला राहिलं. इगतपुरीजवळच्या कावनईच्या व्हालोनेचं माल्बेक राहिलं. अकलूजच्या फ्रातेल्लीचं सांजोव्हेझे तर नाशिकबाहेरचं म्हणून यादीतच नव्हतं. लाल वाइनच्या टेबलांपुढची गर्दी पाहून माझं मन दोनदा डळमळलं. पण चार ग्लास एकाच द्राक्षाचे घेतल्यावर पाचव्या वेळी फरक सांगायला कुणाचा कागद लागत नव्हता: हे आधी उतरवलंय, यात साखर ठेवलीय.

दादा एव्हाना त्या सेलरवाल्या मुलाकडे परत गेला होता. वाइनरीला कराराने द्राक्ष घालायचं तर खुंट कोणता हवा, डॉगरिज चालेल का, आणि एकरी किती टन काढू देता, असं त्याचं चाललं होतं. मुलाने सांगितलेला आकडा दादाच्या थॉमसनच्या जेमतेम निम्मा निघाला. जास्त माल घेतला की रस पाणचट होतो, असं त्याचं म्हणणं.

"माल निम्मा, तर भाव दुप्पट पाहिजे," दादा म्हणाला.

मुलाने भावाचं काही सांगितलं नाही. बाटली उचलून दादाच्या ग्लासात मापापेक्षा जरा जास्तच ओतली. ती काही दादाने बादलीत टाकली नाही.