हातोहात

गेमचा डबा वजनदार असायचा. माझ्या भाच्याला हे पटत नाही, कारण त्याने डिस्कच जेमतेम पाहिली आहे आणि डिस्क तर हलकी. पण नव्वदच्या दशकातला पीसी गेम जाड पुठ्ठ्याच्या, शब्दकोशाएवढ्या डब्यातून यायचा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९मध्ये बाजारात आला. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाने तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून घेऊन दिला, माझ्यात आणि दादात मिळून एक. 

मुंबईहून साताऱ्याला येणाऱ्या एसटीत डबा माझ्या मांडीवर होता आणि घरचा कॉम्प्युटर अजून कितीतरी तास लांब. गेम आपला झालाय, पण खेळता येत नाही, असा तो मधला वेळ. मला तो प्रत्यक्ष खेळण्याइतकाच मोलाचा वाटतो. दादाने पनवेल सोडेपर्यंत माहितीपुस्तिका हातातून खाली ठेवली नाही. खंडाळ्याच्या घाटात त्याला मळमळायला लागलं तेव्हा कुठे ती माझ्याकडे आली. तेरा राष्ट्रं, प्रत्येकाचा आपला खास सैनिक: इराण्यांचे हत्ती, मंगोलांचे घोड्यावरून बाण मारणारे स्वार. शिवाय एक घडीचा मोठा तक्ता होता. कोणती इमारत बांधली की कोणता शोध लागतो, कोणत्या युगात कोणतं हत्यार मिळतं, हे सगळं त्यावर फांद्याफांद्यांनी दाखवलेलं. पुढची कित्येक वर्षं तो आमच्या टेबलामागच्या भिंतीवर होता. सलादीन, बार्बारोसा, जोन ऑफ आर्क ही नावं मला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाआधी या डब्याने सांगितली. गेममध्ये इतिहासाचा एक वेगळाच विभाग होता. लढाया सोडून मी तो वाचत बसायची आणि दादा चिडायचा, कारण कॉम्प्युटर एकच.

त्याआधी गेम पाहिला होता तो मामाच्या ऑफिसात, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनरचा हा गेम मुळात १९८९चा. आमच्यापर्यंत तो फ्लॉपीवरून, कुणाकुणाच्या हातून आला होता. पहिली पातळी संपली की राजपुत्र एका खोलीत पोचायचा. तिथे बाटल्या मांडलेल्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, हे ज्याला माहीत त्याने ती बाटली प्यायची. चुकीची प्यायली की राजपुत्र मेला. गेम विकत घेतल्याचा पुरावा म्हणजे पुस्तिका जवळ असणं. मामाच्या ऑफिसात त्या पुस्तिकेची झेरॉक्स होती आणि ती कॉम्प्युटरच्या कव्हरखाली जपून ठेवलेली असे. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मला त्या खोलीत दिसतं. डबा आणि कुलूप सुरुवातीपासून एकत्रच होते. कुलूप कागदाचं होतं तोवर त्याचा जाच कुणाला वाटला नाही, इतकंच.

अस्सल डबा हा तेव्हाही मोजक्या घरांत यायचा. बाकी महाराष्ट्राने ‘रोड रॅश’ आणि ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळला तो फुटपाथवरच्या सीडीवरून, ज्यावर गेमचं नाव स्केचपेनने लिहिलेलं असे. या बाजाराला चोरबाजार म्हणून नाक मुरडणं सोपं आहे, पण अस्सल प्रत आपल्या गावात मिळतच नसेल तर आणि काय होणार? पोलंडमध्ये हेच चित्र होतं. वॉर्सातले दोन तरुण, मार्चिन इविन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की, बाजारात गेमच्या सीडी विकता विकता १९९४मध्ये सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढून बसले. १९९९मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला. नकली सीडीशी किमतीत टक्कर देता येत नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी डबा असा भरला की नकली विकणाऱ्याला तो भरताच येऊ नये: पाच सीडी, नकाशा, नियमांचं पुस्तक, चर्मपत्रासारखा कागद. लोकांनी जास्त पैसे मोजून तो घेतला. मला ही हकिकत फार आवडते. कुलूप घट्ट करण्यापेक्षा त्यांनी डब्यात जास्त घातलं.

आमचा डबा मात्र घरात फार काळ थांबायचा नाही. शनिवारी सीडी समोरच्या वाड्यात जायची, तिथून दादाच्या वर्गमित्राकडे, मग कुणाच्या तरी मावसभावाकडे फलटणला. परत यायची ती ओरखडे घेऊन. टूथपेस्ट लावून सुती फडक्याने पुसली की कधी चालायची, कधी नाही. बदल्यात त्यांच्याकडचं काहीतरी आमच्याकडे यायचं. गेमबरोबर निरोपही यायचा: चौथ्या लढाईत आधी गोदी बांध, भिंतीच्या मागे गाढवासारखा उभा राहू नकोस. कोण गेम परत करतो आणि कोण दडपतो यावरून मित्रांची पारख व्हायची. दादाच्या दोन मैत्र्या अशाच जमल्या आणि आजतागायत टिकल्या आहेत.

ही देवघेव इंटरनेटने मोडली असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती त्याआधीच मोडायला लागली होती. डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या, आकडे-अक्षरांच्या लांबलचक कीने तिला पहिला तडा दिला. ऑनलाइन खेळायचं तर एका कीवर एकच माणूस. टीव्हीला जोडायच्या कन्सोलच्या डिस्का दुकानात जुन्या म्हणून विकल्या जात राहिल्या, पीसीचा वापरलेला गेम मात्र कुणी विकत घेईना, कारण त्याची की आधीच खर्ची पडलेली. मग नोव्हेंबर २००४मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला. डबा विकत घ्या, डिस्क घाला, तरीही इंटरनेटवर जाऊन व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमवर खातं उघडल्याशिवाय गेम सुरू होणार नाही. स्टीम सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. एकदा खात्याला बांधला की तो गेम त्या खात्याचा. डिस्क नंतर कुणालाही द्या, तिचा उपयोग नाही.

मी तेव्हा पुण्याच्या हॉस्टेलवर होते. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५मध्ये आलं, आणि त्याच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडला मर्यादा नव्हती. पावणेदोनचा गजर लावून उठणारी, डाउनलोड सुरू करून परत झोपणारी एक पिढी या शहरात होऊन गेली. गेमचे डेमो, सुधारणांच्या फाइली, पुढे पुढे अख्खे गेम असे रात्रीत टप्प्याटप्प्याने उतरायचे. तरी कॅम्पातल्या लँडमार्कमध्ये जाऊन डबे उलटेपालटे करायची सवय सुटली नव्हती. डबे आता पुठ्ठ्याचे नव्हते, डीव्हीडीच्या प्लास्टिकचे होते. किंमत बहुतेकांवर ९९९ रुपये. पुस्तिका पातळ होत होत एका कागदावर आली होती.

२०१५ हे माझ्या लेखी त्या डब्याचं शेवटचं वर्ष. एप्रिलमध्ये ‘जीटीए ५’ पीसीवर आला तो सात डीव्हीडींवर. एका दुपदरी डीव्हीडीत फार तर साडेआठ जीबी मावतात आणि गेम साठ जीबीच्या पुढे गेला होता. मोठी ब्लू-रे डिस्क होती, पण तिचे ड्राइव्ह पीसीत कधी रुळलेच नाहीत. सप्टेंबरात ‘मेटल गिअर सॉलिड ५’चा डबा आला. त्यातल्या डिस्कवर गेम नव्हताच, फक्त स्टीम बसवणारी काही एमबींची फाइल होती. पण त्याच वर्षी मे महिन्यात त्याच पोलिश कंपनीचा ‘द विचर ३’ आला आणि त्याच्या डब्यात नकाशा होता, संगीताची सीडी होती, आणि गेम विकत घेतल्याबद्दल आभार मानणारं पत्र होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं. छापील होतं, माझ्या नावाचं नव्हतं, तरीही कुणीतरी माझा विचार केला होता.

डिजिटल दुकानांनी काय दिलं हेही मी मनापासून सांगायला हवं. साताऱ्यातल्या, नांदेडमधल्या मुलीला आता मुंबईतला मामा लागत नाही. किमती रुपयांत दिसतात, पैसे यूपीआयने जातात, आणि सेलमध्ये चांगला गेम सिनेमाच्या तिकिटाइतक्या पैशांत मिळतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उलट दिशेने उघडलेली वाट. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ केला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, आपल्याकडच्या देवीदेवतांच्या जगातली. त्यांनी २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि २०२०मध्ये गेम जगभर पोचला. डबे छापा, वितरक गाठा, परदेशातल्या दुकानांत फळी मिळवा, या रस्त्याने तो कधीच पोचला नसता. मी तो डाउनलोड केला त्या रात्री मला खरोखर भरून आलं होतं.

म्हणून माझं दुःख प्लास्टिकचं नाही. गंमत अशी की डब्यांनीही पुष्कळदा दगा दिला आहे. सेफडिस्क नावाचं एक कुलूप २०००च्या आसपासच्या असंख्य डिस्कांवर होतं. २०१५मध्ये विंडोज १० आलं तेव्हा सुरक्षेच्या कारणावरून त्या कुलपाला लागणारा भाग काढून टाकला गेला, आणि डिस्क कोरी करकरीत असूनही ते गेम उघडेनासे झाले. २०१४च्या ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमची कथा तर त्याहून वाईट. तो एकट्याने खेळता यायचा, पण यूबीसॉफ्टच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या हातात डिस्क होती त्यांच्या हातात नुसती चकती उरली. कुलपाची चावी दुसऱ्याच्या घरी असेल तर वस्तू डब्यातून आली की तारेतून, याने काय फरक पडतो?

याउलट पोलंडच्या त्याच मंडळींनी २००८मध्ये जीओजी हे ऑनलाइन दुकान काढलं. ते गेम विकतात तेही डिजिटलच, पण कुलूप न लावता. गेम बसवणारी फाइल उतरवून घ्यायची, आपल्या हार्ड डिस्कवर ठेवायची. उद्या दुकान बंद पडलं तरी ती चालेल. मी हल्ली शक्य तिथे याच प्रकारे गेम घेते आणि माझी हार्ड डिस्क आईच्या दागिन्यांच्या कपाटात असते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी करून सांगितलं की तिथे २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. हे वाचल्यापासून अशी फाइल मला जपण्याची वस्तू वाटते.

पण हार्ड डिस्कने माझा अर्धाच प्रश्न सुटतो. गेम माझ्याजवळ राहील, तो माझ्याकडून दुसऱ्याकडे जायचा कसा? वाचून झालेलं पुस्तक मी भाच्याला देते, ते माझ्याकडून जातं आणि त्याचं होतं. विकत घेतलेला गेम तसा जात नाही. स्टीमच्या करारात खातं विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही असं लिहिलेलं आहे, आणि आपण घेतो तो परवाना, हे २०२४पासून पैसे भरण्याच्या पानावर उघड सांगितलं जातं. कॅलिफोर्नियाने तसा कायदाच केला, तो १ जानेवारी २०२५पासून लागू आहे. स्पष्ट सांगितलं हे बरंच झालं, पण सांगितल्याने देता येऊ लागत नाही. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने हा प्रश्न कोर्टात नेला होता. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९मध्ये ग्राहकाला डिजिटल गेम पुन्हा विकता आला पाहिजे असा निकाल दिला, आणि २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. मला पहिला निकाल न्याय्य वाटतो. एका खात्यातून गेम काढून दुसऱ्यात ठेवणं ही यंत्राच्या दृष्टीने अवघड गोष्ट नाही. माझ्याकडून गेला की मला खेळता येऊ नये, ही अट मला आनंदाने मान्य आहे. सीडी फलटणला गेली की आम्हालाही खेळता येत नव्हतंच.

‘द क्रू’ बंद पडल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबवाल्याने सुरू केलेल्या मोहिमेला युरोपात जुलै २०२५पर्यंत दहा लाखांवर सह्या मिळाल्या. मागणी एवढीच की कंपनीने गेमचा पाठिंबा थांबवताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जावं. ती मान्य व्हावी असं मला फार वाटतं. आणि त्या पाठोपाठ देण्याचा हक्कही कुणीतरी मागावा.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती तो खेळतो. तिला २०२२मध्ये जोडलेल्या पुरवणीत हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी राष्ट्रं आहेत, आणि गुर्जरांचे उंट घेऊन त्याने मला दोनदा हरवलं. मग दादाने त्याला फलटणच्या मावसभावाची गोष्ट सांगितली. भाच्याचा शेजारचा मित्र बरेच दिवस या गेमच्या मागे आहे, त्याच्या घरून पैसे मिळत नाहीत. “आत्या, मग मी माझा त्याला आठवडाभर देऊ कसा?” त्याने विचारलं. त्यांच्या घरी जाऊन त्याच्या शेजारी बसून खेळ, एवढंच मला सांगता आलं. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप काखेत मारून तिकडे गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतला नाही.