हॉलंड शहरचा ट्युलिप-उत्सव

अमेरिकेच्या मिशिगन संस्थानांत, मिशिगन सरोवराच्या कांठीं, हॉलंड नांवाचें एक लहानसें शहर आहे. वस्ती सुमारें ३४,०००. १८४७ सालीं रेव्हरंड व्हान राल्टे यांच्याबरोबर आलेल्या डच लोकांनीं तें वसविलें. स्वदेशीं राजमान्य चर्चपासून निराळे होऊन उपासना केल्याबद्दल त्यांस दंड भरावा लागे. त्यांत बटाट्याचें पीक कुजून गरिबांची उपासमार चाललेली. येथें तरी सुख कोठलें? पहिल्याच उन्हाळ्यांत हिंवतापादि रोगांनीं इतकीं माणसें दगावलीं कीं, पोरक्या मुलांसाठीं अनाथगृह बांधण्याची पाळी आली.

या शहराचा ट्युलिप-उत्सव मात्र त्या पूर्वजांनीं सुरू केलेला नव्हे. तो एका शाळामास्तरणीला सुचला, हें वाचून आमच्या बालवाचकांस मौज वाटेल. हायस्कुलांत जीवशास्त्र शिकविणाऱ्या लिडा रॉजर्स बाईंनीं १९२७ सालीं स्त्रियांच्या साहित्यमंडळापुढें ही कल्पना मांडली. पुढल्या वर्षीं शहराने एक लक्ष कंद नेदरलंड्सहून आणवून लावले, व १९२९ च्या वसंतांत रस्ते फुलून गेले. (आणि ट्युलिप तरी मूळचें डच कोठें आहे? सोळाव्या शतकांत तें तुर्कस्थानांतून तिकडे गेलें!)

मे महिन्यांत आम्ही तेथें होतों. मिरवणुकीपूर्वीं अधिकारी मंडळी रस्ता तपासतात व तो मळका असल्याचें गंभीरपणें जाहीर करतात. मग बायका-पुरुष, मुलेंबाळें बादल्या व खराटे घेऊन तो घासूं लागतात. प्रथम आम्हांस हा पोरखेळ वाटला. परंतु शहरचे प्रतिष्ठित लोक लेंकरांच्या बरोबरीनें भर रस्त्यांत खराटा मारतात, हें दृश्य आपल्याकडे किती वेळां दिसतें?

खरी शोभा नाचाची. हायस्कुलांतील शेंकडों मुलें-मुली डच प्रांतांचे जुने पोषाख घालून नाचतात. पायांत लांकडी जोडे. ते बोचूं नयेत म्हणून आंत मोज्यांवर मोजे. डांबरी रस्त्यावर एकच ठेका पडूं लागला, तेव्हां लेझीम आठवल्यावांचून राहिली नाहीं.

नाचणाऱ्यांत डच नांवांच्या मुलींबरोबर गार्सिया, रोद्रिगेस अशा नांवांच्या मुलीही असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास मेक्सिकन वंशाचीं पुष्कळ कुटुंबें तेथील मळ्यांत व काकडीच्या लोणच्याच्या कारखान्यांत मजुरीस आलीं. आज शहरांत लॅटिन अमेरिकन वंशाचे लोक जवळजवळ चौथा हिस्सा आहेत. परक्याच्या पूर्वजांचा पोषाख कां घालावा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जी मुलगी महिनोन्‌महिने तालीम करून पायांना घट्टे पाडून घेते, तिचा उत्सवावरील हक्क पणजोबाच्या जहाजावरून कां ठरवावा?

आम्हांस रुखरुख लागली ती निराळीच. डच येण्यापूर्वीं तेथें ओटावा लोकांची वस्ती होती. त्यांचें चर्च होतें, दफनभूमि होती. नवे लोक वाढले, खटके उडूं लागले, आणि १८४९ सालीं तीं कुटुंबें आपल्या मिशनरी स्मिथसाहेबांसह होड्यांतून उत्तरेस निघून गेलीं. आम्हीं पाहिलेल्या मिरवणुकींत त्यांची आठवण कोठें दिसली नाहीं.

शेजारीं बसलेल्या एका वृद्ध डच बाईंस आम्हीं त्यांविषयीं विचारलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "शाळेंत असतांना आम्हांला जहाजांचीं नांवें तोंडपाठ होतीं. त्या होड्यांचें कोणीं शिकविलेंच नाहीं." इतक्यांत त्यांची नात नाचत समोर आली, आणि बाई टाळ्या वाजवीत उभ्या राहिल्या.