पैसे भरायचेत हो, मागायचे नाहीत!

लहानपणी आम्हा वडाळ्याच्या मुलांना लाईट बिल भरायला पिटाळत. बिलाच्या घडीत नोटा, वरून रबर, आणि "सुट्टे मोजून घे" एवढीच ताकीद. निघताना शेजारच्या आजीही त्यांचं बिल हातात कोंबायच्या. बेस्टच्या खिडकीतला माणूस मान वर न करता नोटा मोजायचा, शिक्का मारायचा, आपल्याकडचा तुकडा फाडून ठेवायचा. तू कोणाची कोण, आजींचं बिल तुझ्याकडे कसं, असलं काही विचारायचं त्याला कारणच नव्हतं. कागदावर ग्राहक क्रमांक होता, पैसे पुरे होते, "चला, पुढे!"

त्याच सवयीने मी आत्याच्या मोबाईलचं बिल भरायला गेले आणि अडकले.

आत्या कात्रक रोडच्या मागच्या बाजूला एका जुन्या पागडीच्या इमारतीत एकटी राहते. मुलगा टोरांटोला. आषाढीचे दिवस जवळ आले होते, विठ्ठल मंदिराकडे रांगेसाठी बांबू पडायला लागले होते, आणि ही ओल्या जिन्यात घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन, नर्सेस, टोरांटोहून रात्री-अपरात्री येणारे फोन या सगळ्या धामधुमीत तिच्या मोबाईलचं आउटगोइंग बंद झालं. बिल जायचं मुलाच्या जुन्या नोकरीतल्या ई-मेलवर, आणि ती नोकरी त्याने कधीच सोडलेली. म्हणजे बिल किती, हेच कोणाला माहीत नाही. मी कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला.

"कनेक्शन तुमच्या नावावर आहे का मॅडम?"

"नाही, आत्याच्या."

"ग्राहकांशी बोलणं होऊ शकेल का?"

"त्या ऑपरेशन थिएटरमधून आत्ताच बाहेर आल्यात हो. तुम्ही फक्त आकडा सांगा, मी लगेच कार्डाने भरते."

"त्याआधी व्हेरिफिकेशन करावं लागेल. त्यांची जन्मतारीख सांगता?"

सांगितली. जुळेना. पत्ता सांगितला, तो जुळला, पण तेवढ्याने भागेना. शेवटी माझा आवाज चढला, "अहो, मी पैसे भरायला फोन केलाय, मागायला नाही!" पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "समजू शकते मॅडम," आणि पुन्हा जन्मतारीख विचारली.

दुसऱ्या दिवशी आत्याला हे सांगितलं तर त्या अवस्थेतही ती हसली. आम्ही तिचा वाढदिवस दिव्यांच्या अवसेला करतो, आणि तिच्या जन्माच्या वर्षीचं पंचांग बघून कोणीतरी काढून ठेवलेली इंग्रजी तारीख मी सांगत होते. "अगं, कागदावर मी एक जूनची. शाळेत घालताना वडिलांना तारीख सांगता येईना, मास्तरांनी वयाचा हिशेब करून एक जून टाकली. आमच्या वर्गात निम्म्या मुली एक जूनच्या." महाराष्ट्रातल्या किती घरांत असे एक जूनवाले आजी-आजोबा असतील! सरकारदरबारी, बँकेत, मोबाईल कंपनीत त्यांची ओळख त्या मास्तरांनी ठरवलेली आहे, आणि घरच्या माणसांना ती ठाऊक नसते.

खरं तर नुसते पैसे भरायला जन्मतारखेची गरजच नव्हती. दादरला कंपनीच्या गॅलरीत गेले तेव्हा तिथल्या मुलाने ते एका वाक्यात सांगितलं, "मॅडम, भरायला कोणीही भरू शकतं, खातं उघडून दाखवता येत नाही." माझ्याच फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आत्याचा नंबर टाकला, रक्कम आली, भरली, काम झालं. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून जी भारत बिल पेमेंट यंत्रणा उभी करायला लावली, ती हेच करते. लाईट, गॅस, फोन, सगळ्यांना एकच दरवाजा. बिल किती ते दिसतं आणि भरता येतं. त्यापलीकडचं काही दिसत नाही.

मग हेल्पलाईनवरची मुलगी का अडून बसली होती? मी त्या मुलाला विचारलं. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. त्याने त्याचा स्क्रीन माझ्याकडे वळवला नाही, पण त्यावर काय काय असतं ते सांगितलं. बिलाची रक्कम, खाली घरचा पत्ता, दुसरा संपर्क क्रमांक, मागचं बिल कधी आणि कसं भरलं, आणि त्याच पानावर सिम बदलून द्यायचं बटण. "एकदा आम्ही मानलं की समोरचा ग्राहक आहे, तर तो पुढचा प्रश्न कुठला विचारेल सांगता येतं का? आधी म्हणतो बिल भरायचंय. मग म्हणतो सिम हरवलं, नवीन द्या." नवं सिम चोराच्या हातात पडलं की बँकेचे ओटीपीही त्याच्याच हातात. आत्याची पेन्शन ज्या खात्यात येते त्याची किल्ली म्हणजे हा मोबाईल नंबर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझं कार्डही त्या मुलीला नको होतं, त्याचं कारण त्याने सांगितलं ते आणखी वेगळं. चोरलेलं कार्ड चालतंय का हे बघायला चोर आधी कोणाचं तरी छोटंसं बिल भरून बघतो. किंवा "तुमचं लाईट बिल वीस टक्के स्वस्तात भरून देतो" म्हणून तुमच्याकडून रोख घेतो आणि बिल भरतो चोरीच्या कार्डाने. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक कंपनीकडून पैसे परत ओढते, आणि तुमचं भरलेलं बिल पुन्हा थकीत दिसायला लागतं. त्यामुळे ज्याचे पैसे घेतले तो माणूस कोण, हे कंपनीला सांगता यावं लागतं.

या विषयावरचा मला पटलेला सर्वांत बोलका किस्सा परदेशातला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये 'वायर्ड' मासिकाचा पत्रकार मॅट होनन याचं सगळं डिजिटल आयुष्य तासाभरात उद्ध्वस्त झालं. फोन, लॅपटॉप, त्यातले मुलीचे फोटो, सगळं पुसलं गेलं. भामट्यांनी अ‍ॅमेझॉनला फोन केला आणि होननच्या खात्याला एक नवं कार्ड जोडायचंय म्हणाले. खात्यात भर घालतोय, काढत काही नाही, म्हणून नाव, ई-मेल आणि पत्त्यावर काम झालं. थोड्या वेळाने पुन्हा फोन. आता ओळख म्हणून त्यांनी आपणच मघाशी जोडलेल्या कार्डाचा क्रमांक सांगितला! खात्यात शिरल्यावर होननच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले, आणि पत्त्याच्या जोडीला तेवढ्यावर अ‍ॅपलच्या मदत केंद्राने त्याचं खातं उघडून दिलं. नंतर दोन्ही कंपन्यांनी फोनवरचे हे व्यवहार बंद केले. "देतोच आहे ना, मग विचारता कशाला?" हा माझा युक्तिवाद त्या भामट्यांचाच होता म्हणायचा.

पण हे सगळं मला नीट समजलं ते गॅलरीत नाही, आत्याच्या जिन्यात.

घरमालकाचे मेहताजी दर महिन्याला भाडं घ्यायला येतात. लाल कापडी बांधणीचं पावतीपुस्तक, कानाला पेन. भाडं इतकं की आज त्यात दोन वडापावही नीट येणार नाहीत, पण पावतीवर नाव अजून आत्याच्या यजमानांचं, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, आत्या रुग्णालयात आहे, माझ्या खात्यातून यूपीआय करते. मेहताजींनी हात जोडले. "ताई, तुमच्या खात्यातून नको. उद्या वकील म्हणेल, भाडं या भरायच्या, मालक घ्यायचे, म्हणजे भाडेकरू याच." मी म्हटलं, मी कशाला असं म्हणेन? "तुम्ही नाही म्हणणार. पण मालक मला विचारतील ना, कोणाचे पैसे घेतलेस?"

आणि त्यांचं चूक नव्हतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. आत्याचा हक्क तसा आहेच. पण मालक तिच्या नावाची पावती फाडत नाही, कारण ती फाडली की मान्यता दिली. या शहरात भाडं नाकारणं ही सुद्धा एक चाल आहे, आणि लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं चाललेले दावे असल्या पावत्यांवर उभे असतात. शेवटी मी आत्याच्या कपाटातली रोकड आणून मेहताजींना दिली. पावती जुन्याच नावाने फाटली.

आत्याकडे काम करणारी बाई अँटॉप हिलला राहते. तिच्या पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांच्या वेळची लाईट बिलं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीचं वास्तव्य दाखवायचं तर मतदारयादी आणि असे कागदच कामाला येतात. तिच्या दृष्टीने त्या बिलांची किंमत त्यावर छापलेल्या रकमेच्या हजारपट. लाईट बिल दाखवून मुंबईत शाळेत प्रवेश मिळतो, गॅस मिळतो, बँकेत खातं उघडतं. असा कागद ज्याच्या नावाने निघतो त्याच्याबद्दल कंपनीने दोन प्रश्न विचारले तर त्यात वावगं काय? लहानपणी आम्हाला कोणी विचारलं नाही, कारण आम्ही त्यावरचं नाव बदलायला जात नव्हतो. नाव बदलायला गेलं की बेस्टही कागद मागते, आणि मागायलाच हवेत.

रुग्णालयाच्या बिलाच्या वेळी आणखी एक धडा मिळाला. आत्येभावाचा मित्र मोठी रोकड घेऊन आला होता. खिडकीतल्या बाईंनी ती मागे सारली. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे, आणि गंमत म्हणजे दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये सरकारने रुग्णालयांना यातून काही आठवड्यांची सूट दिली. अट अशी की रुग्णाचा आणि पैसे भरणाऱ्याचा पॅन किंवा आधार घ्यायचा, आणि दोघांचं नातं लिहून ठेवायचं. माणसं प्राणवायूसाठी धावत होती, तेव्हाही बिल भरणारा रुग्णाचा कोण, हा रकाना सुटला नाही. काळा पैसा दुसऱ्याच्या बिलाआड पांढरा करण्याची वाट इतकी वहिवाटीची आहे!

तरी कंपन्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. जन्मतारीख ही ओळख पटवण्याची फारच तकलादू खूण आहे. ती मला माहीत नव्हती, पण आत्याचा शाळेचा दाखला पाहिलेल्या कोणालाही असू शकते. आणि जिथेतिथे आधारची झेरॉक्स मागण्याची सवय तर मुळीच पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांच्या आधारसक्तीला लगाम घातला. त्यानंतर कायद्यात स्वखुशीची सोय आली, पण खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाची स्वखुशी कितपत असते हे आपण जाणतो. मी आता झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त या कामासाठी" असं आडवं लिहिते, तेही अक्षरांवरून जाईल असं.

आणि उलट बाजूने कोण तपासणार? कंपनी मला विचारते तू कोण. पण मला फोन करणारा कंपनीचाच आहे कशावरून? २०२२ मध्ये मुंबईत घरोघरी संदेश यायचे : मागचं बिल जमा झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधा. घाबरून फोन केला की तो 'अधिकारी' एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगायचा, दहा रुपये भरून बघा म्हणायचा, आणि तेवढ्यात तुमचा स्क्रीन त्याला दिसायला लागायचा. तोही आधी नाव, ग्राहक क्रमांक, जन्मतारीख विचारून 'व्हेरिफिकेशन' करायचा बरं का! आत्याच्या मजल्यावरच्या एका निवृत्त काकांचे पैसे असेच गेले. बँका आणि विमा कंपन्यांसाठी २०२४ मध्ये १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत, पण हे किती ज्येष्ठांपर्यंत पोचलंय?

म्हणून सांगते. फोन आपण बिलावर छापलेल्या क्रमांकावर केला असेल तर विचारलेलं सांगावं, चिडू नये. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'वर करू नये, तिथे भामटे दबा धरून असतात. आणि समोरून फोन आला तर काहीही सांगू नये, फोन ठेवावा आणि आपण परत लावावा. पैसे गेलेच तर सकाळची वाट न बघता लगेच १९३० वर तक्रार करावी. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कागदावरची जन्मतारीख, कनेक्शन कोणाच्या नावावर, बिल कुठल्या ई-मेलवर येतं, हे ती धडधाकट असतानाच विचारून वहीत लिहून ठेवा. ती वही मात्र कपाटात, कुलपात.