धूर कीं धुकें?

तर्कशास्त्र शिकविण्याचा व्यवसाय मी गेलीं अठ्ठावीस वर्षें करीत आहें. 'पर्वत अग्निमान् आहे, कारण तेथें धूर आहे' हें वाक्य मीं फळ्यावर इतक्या वेळां लिहिलें आहे कीं, खडूला देखील तें पाठ झालें असावें. धूर म्हणून जें दिसलें तें डोंगरावरचें धुकेंच असेल तर सारें अनुमान कोसळतें, हेंहि मी दर वर्षीं सांगतों आणि विद्यार्थी तें जांभया देत उतरून घेतात. गेल्या वर्षीं मात्र हें धुकें माझ्याच घरांत शिरलें.

निमित्त झालें सवलतीचें. एका प्रयोगशाळेनें चाळीस तपासण्यांच्या किमतींत साठ देऊं केल्या होत्या. फुकट पदरांत पडणाऱ्या वीस तपासण्या कसल्या, हें पाहण्याची तसदी कोण घेतो? अहवाल मोबाईलवर यावयाचा होता, आणि माझा मोबाईल बहुधा बंदच असल्यामुळें मीं सौ.चा क्रमांक दिला होता. त्यामुळें 'हर्पीज सिम्प्लेक्स २, आयजीजी : १.६, पॉझिटिव्ह' ही ओळ प्रथम तिनें वाचली. संध्याकाळीं चहाचा कप माझ्यापुढें ठेवतांना तिनें मोबाईलहि शेजारीं ठेवला. "अहो, हें काय आहे तें पाहा," एवढेंच ती म्हणाली आणि भाजी निवडावयास बसली. मेथीची एक जुडी निवडावयास तिला त्या दिवशीं एक तास लागला.

माझ्या अंगावर फोड नव्हता, पुरळ नव्हता, आणि पूर्वीं कधीं आल्याचेंहि आठवत नव्हतें. हर्पीज म्हणजे नागीण, एवढेंच मला ठाऊक. तिचा विळखा पुरा झाला कीं माणूस दगावतो, अशी समजूत आमच्या आजोळीं होती. पण नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळें. हा विषाणु त्याच कुळांतला, पण निराळा. 'हर्पीज' हा शब्द 'सरपटणें' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आहे, आणि आपल्या 'सृप्' धातूशीं त्याचें सख्खें नातें आहे. म्हणजे शब्दापुरते तरी सर्प आणि हर्पीज भाऊबंदच! एरव्हीं ही व्युत्पत्ति मीं चार जणांना कौतुकानें सांगितली असती. परंतु या विषाणूचा दुसरा प्रकार बहुधा शरीरसंबंधानेंच पसरतो, हेंहि मला त्याच रात्रीं समजलें होतें.

मी निर्दोष आहें, हें मला पक्कें ठाऊक होतें. मग दोष आला कोठून? लिहावयास लाज वाटते, पण लिहितों : दोन रात्री मीं माझ्या शेजारीं निजलेल्या स्त्रीकडे संशयानें पाहिलें. २००१ सालीं बदलीमुळें ती दीड वर्ष नागपुरास एकटी राहिली होती. तें दीड वर्ष मीं मनांतल्या मनांत महिना महिना करून चाळून काढलें. मागाहून कळलें कीं, त्याच दोन रात्री तीहि जागीच होती. तिचें अनुमान माझ्याइतकेंच शुद्ध होतें; ती निष्कलंक, तेव्हां दोषी मी! २००४ सालीं एका परिषदेसाठीं मी आठ दिवस परगांवीं होतों, ते आठ दिवस ती मोजीत होती.

तिसऱ्या दिवशीं आम्ही दोघें आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलों. अहवाल पाहून त्यांनीं विचारलें, "ही तपासणी करावयास तुम्हांला सांगितलें कोणीं?" मला सवलतीचें नांव सांगावें लागलें.

त्यांनीं जें समजावून दिलें, आणि पुढें मीं जें वाचून पडताळलें, तें असें. ही तपासणी विषाणूचा शोध घेतच नाहीं. त्याच्याशीं झुंजण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें रक्तांत आहेत कीं काय, एवढेंच ती पाहते, आणि जो रंग उमटेल त्याला एक आंकडा देते. आंकडा ०.९ च्या खालीं असला तर 'नाहीं', १.१ च्या वर गेला तर 'आहे', मधला तो संशयित. पण दुसऱ्या कसल्याशा प्रतिद्रव्यामुळेंहि असा फिकट रंग उमटूं शकतो, म्हणून १.१ पासून ३ पर्यंतचा आंकडा निराळ्या पद्धतीच्या दुसऱ्या तपासणीवांचून खरा मानूं नये, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२१ च्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे. कागदावर मात्र १.६ असो वा १६ असो, शब्द छापला जातो तो एकच.

शिवाय साधा हिशेब आहे. समजा, १००० माणसांपैकीं ५० जणांना हा संसर्ग आहे आणि तपासणी त्या सर्वांना अचूक हुडकून काढते. उरलेल्या ९५० जणांत ती शेंकडा पांचच वेळां चुकली, तरी ४७-४८ निरपराधी माणसें त्याच यादींत येऊन बसतात! लक्षणें नसलेल्या माणसांची ही तपासणी सरसकट करूं नये, असें तिकडच्याच प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळानें २०१६ सालीं आणि पुन्हां २०२३ सालीं सांगितलें, याचें एक मोठें कारण हेंच.

मला हायसें वाटूं लागलेलें पाहून डॉक्टरांनीं तेंहि फार वेळ टिकूं दिलें नाहीं. ज्यांना हा संसर्ग खरोखरीच असतो, त्यांतल्याहि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. विषाणु पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गांठींत वर्षानुवर्षें निजून राहतो. तेव्हां फोड नाहीं म्हणजे संसर्ग नाहीं, असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. आणि अहवाल खरा ठरला, तरी तो संसर्ग कोणाकडून आला, कधीं आला, तीस वर्षांपूर्वीं कीं काल, यांतलें एक अक्षरहि रक्त सांगत नाहीं. नागपूर आणि परिषद, दोन्ही त्या कागदाच्या कक्षेबाहेरचीं होतीं.

मग त्यांनीं वरच्या ओळीवर बोट ठेवलें. पहिल्या प्रकाराचा माझा आंकडा २८ होता! आम्हां दोघांपैकीं एकानेंहि तो वाचला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें पन्नाशीच्या आंतल्या सुमारें ६४ टक्के लोकांत हा प्रकार असतो. मला तो लहानपणीं कोणा मावशीच्या मुक्यांतून मिळाला असावा. तापानंतर माझ्या ओठांवर फोड येत, तेव्हां "अंगांतली उष्णता बाहेर पडली," असें आजी म्हणे, ते त्याचेच. हा प्रकारहि कधीं कधीं कमरेखालीं वस्ती करतो. तरी २८ ची आम्हांला लाज नाहीं, आणि १.६ नें झोंप उडाली!

"निराळ्या पद्धतीनें पुन्हां पाहतां येईल," डॉक्टर म्हणाले. "पाहावयाचें तर दोघांचेंहि," सौ. म्हणाली. या वेळीं मीं माझा क्रमांक दिला आणि मोबाईल दिवसभर चालू ठेवला. दोन्ही अहवाल 'नाहीं' असे आले. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं तिला नागपूरचें सारें सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग ताटें उचलतां उचलतां तिनें विचारलें, "आणि त्या परिषदेंत तुम्हीं निबंध तरी वाचला होतात का?"