पेरूवरची जाळी

भर दुपारी परसात खारीची केविलवाणी चिरचिर ऐकू आली. पेरू राखण्यासाठी काकांनी झाडाला बांधलेल्या नायलॉनच्या जाळीत रोजची खार अडकली होती. मागच्या पायात दोरा रुतला होता. पाणी गाळून पिणाऱ्या त्या घरात ही जाळी आजवर कुणालाच खटकली नव्हती.

काकूंनी तिच्यावर जाड पंचा टाकून एकेक दोरा कात्रीने कापला. काका लगबगीने वाटीभर दूध घेऊन आले. गाईचे दूध खारीला बाधते, म्हणून काकूंनी ते परत पाठवले. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून तिला पशुवैद्यांकडे नेले.

आठवड्याने खोके पेरूखालीच उघडले. किंचित लंगडत खार बुंध्यावर चढली. जाळी काकांनी पहिल्याच संध्याकाळी उतरवली होती.