कावीळ नसलेला लेप्टो

१० जुलै, वांद्रे पूर्व
दुपारच्या ओपीडीत पार्सल पोहोचवणारा एक तरुण आला. तापाचा चौथा दिवस, प्लेटलेट ८५ हजार. सोबतच्या भावाने डेंग्यू ठरवूनच टाकलेला. पण पांढऱ्या पेशी १५ हजार. डेंग्यूत त्या सहसा घटतात. डोळे लाल, चिपडं मात्र नाहीत. पोटरी दाबताच कळवळला.
"पाण्यात उतरला होतास का रे?"
"कलानगरला, डॉक्टर. बाईक बंद पडली, गुडघाभर पाण्यातून ढकलत नेली."
लघवी आणि रक्तदाब ठीक. संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दोन वेळा सुरू केलं, पीसीआरसाठी रक्त पाठवलं. आयजीएम चाचणी पहिल्या पाच दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते. तिच्यासाठी औषध अडवून ठेवणं मला मान्य नाही.

१७ जुलै
स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या मावशी. उजव्या बरगडीखाली असह्य दुखणं, उलट्या, डोळे पिवळे. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली, खडा एकही नाही. ऑपरेशनची चर्चा सुरू होती. रिपोर्ट पुन्हा समोर घेतले. बिलिरुबिन १२, पण एसजीपीटी जेमतेम १४०. विषाणूच्या काविळीत हा आकडा बहुधा हजारांत जातो. सीपीके खूप वाढलेलं, म्हणजे स्नायूंनाही इजा. क्रिएटिनिन ३.४ आणि पोटॅशियम ३.१! मूत्रपिंड निकामी होऊ लागलं की पोटॅशियम चढतं. लेप्टोत नलिकांनाच इजा होते, म्हणून ते लघवीवाटे वाहून जातं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. "पावसाळ्यात त्या असायच्याच," मावशी म्हणाल्या. तीच जंतूची वाट. सर्जनशी बोललो, ऑपरेशन थांबलं. सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम रोज शिरेतून, सलाईन मोजून.

२१ जुलै, रात्री
बेहरामपाड्यातले रिक्षाचालक. ताप, धाप, थुंकीत रक्ताच्या रेषा, ऑक्सिजन ८४. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ठिपके. कावीळ अजिबात नाही, म्हणून न्यूमोनिया समजून पाठवलेलं. पण हिमोग्लोबिन दोन दिवसांत ३ ग्रॅमने उतरलंय. रक्त फुप्फुसात झिरपतंय. कावीळ नसताना हे होऊ शकतं. अंदमानात दिगलीपूरच्या बाजूला रक्तस्रावी तापाचं जे गूढ होतं, तेही शेवटी लेप्टोच निघालं. व्हेंटिलेटर लावला. पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी. स्टेरॉइडविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. आज श्वास टिकवणं पहिलं.

२६ जुलै
२००५ साली याच तारखेला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, मिठी नदी वस्त्यांत शिरली. पाणी ओसरलं आणि ऑगस्टमध्ये लेप्टोचे रुग्ण येऊ लागले. जंतू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. तोवर माणूस ते पाणी विसरलेला असतो. म्हणून विचारायचं ते कालचं नाही, दोन आठवड्यांपूर्वीचं.

९ ऑगस्ट
शासकीय वसाहतीतल्या ताई. ताप उतरून तीन दिवस झाले आणि डोकं फुटायला लागलं, मान ताठ. पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट वाढलेले, साखर ठीक. दुसऱ्या आठवड्यात शरीराची प्रतिकारशक्ती उसळते तेव्हा मेंदूच्या आवरणाला अशी सूज येते. क्षयाच्या तपासण्याही पाठवल्या, कारण मुंबईत तो वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिन्याखालचं साचलेलं पाणी त्या स्वतः उपसत होत्या.

२२ ऑगस्ट
रिक्षाचालक काका वॉर्डात चालू लागलेत. मावशींचं क्रिएटिनिन १.१. दोघांनाही डोळे लाल झाले किंवा धूसर दिसलं तर लगेच यायला सांगितलं. काही महिन्यांनीही डोळ्याला आतून सूज येऊ शकते.

"पाण्यात उतरू नका" हा सल्ला यांच्यापैकी कुणालाच पाळता आला नसता. पाळता येईल असा दुसरा आहे: पाणी तुडवलं की ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. जखम नसेल तर डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅचा एकच डोस, जखम असेल तर तीन दिवस, रोजच पाण्यात काम असेल तर आठवड्याला एकदा, सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी अॅझिथ्रोमायसिन. उद्यापासून रिक्षा स्टँडवर आणि भाजीवाल्यांत जाऊन हे स्वतः सांगणार आहे. पावसाळ्याचे पाच आठवडे अजून बाकी आहेत.