उतरणाऱ्या पावलासाठी

सपाट जमिनीवर व्हिनाइलची फळी बेमालूम खोटं बोलते. ओकच्या गाठी दिसतात, लाकडाच्या रेषा बोटाला लागतात, पाहुणा वाकून हात फिरवतो आणि "खरं लाकूड का हो?" असं विचारतो. हे सगळं तिची कड उघडी पडेपर्यंत. कडेला सगळे थर उघड्यावर येतात: वर पारदर्शक झिजथर, त्याखाली लाकडाचं छापील चित्र, मग चुनखडीची पूड आणि पीव्हीसी दाबून केलेला राखाडी गाभा, तळाला फोमचं अस्तर. खोलीत ही कड भिंतीलगतच्या पट्टीखाली जाते आणि विषय मिटतो. जिन्यावर प्रत्येक पायरीला एक कड असते, आणि माणूस नेमका तिच्यावरच सगळा भार टाकतो.

मी डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्को भागात, घरांच्या जमिनी आणि जिने करतो. त्याआधी पिंपरीत टूलरूमला होतो, पत्रा वाकवायच्या डाय बनवायचो. इकडची घरं लाकडी सांगाड्याची. खाली काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर टाइल, जिन्याला आणि वरच्या मजल्याला गालिचा. काही वर्षांत गालिचा कळकटतो, कुणाला धुळीची ॲलर्जी निघते, आणि मग फोन येतो: "हॉलमध्ये व्हिनाइल लावलंय, तेच जिन्याला लावून द्या."

पायरीच्या कडेवर बसवायची पट्टी, म्हणजे नोझिंग, बाजारात तयार मिळतं. एक प्रकार फळीच्या वर ओठ काढून बसतो. लावायला सोपा, खालची फळी वाकडीतिकडी कापली असली तरी झाकून घेतो. दुसरा फळीच्या खाचेत अडकून सपाटीला बसतो. दिसायला बरा, पण त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा हवा आणि तो रंग बहुधा दुकानात नसतो. किंमत विचारू नका. एका पट्टीला कित्येकदा फळ्यांच्या अख्ख्या खोक्याएवढे डॉलर पडतात. तरी मी स्वतः कड बनवायला लागलो ते पैसे वाचवायला नाही. मजुरी धरली तर हातची कड स्वस्त पडतच नाही; पडते म्हणणारा आपल्या वेळेची किंमत शून्य धरत असतो. माझं भांडण त्या ओठाशी आहे.

जिना चढताना आणि उतरताना माणूस दोन वेगळे जिने वापरतो. चढताना रायझर, म्हणजे पायरीची उभी बाजू, समोर असते. उंची दिसते, तोल पुढे गेला तरी हात पायरीवर पडतो. उतरताना सगळे रायझर नाहीसे होतात. दिसतात फक्त पायऱ्यांचे माथे, एकाला एक लागलेले, आणि पाऊल आधी चवड्यावर टेकतं, तेही अगदी कडेशी, कारण दहा इंची पायरीवर पुरुषाचं पाऊल पुरतं मावत नाही. नेमक्या त्या जागी दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे अनवाणी पायाला दर पायरीला एक टोचणी. आणि आपल्या घरांतून बूट दारातच काढतात, त्यामुळे जिन्यावर सतत अनवाणी नाहीतर मोज्यातली पावलं. जॉन टेम्पलर या वास्तुशास्त्रज्ञाने जिन्यांवर लिहिलेले दोन खंड एमआयटी प्रेसने १९९२ साली काढले. त्यातला दुसरा अख्खा खंड धोके, पडणं आणि सुरक्षित रचना यांवर आहे. जिन्यावर पडणं या विषयाला एक खंड लागतो, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून कड सपाटीला आणायची आणि फळीचंच चित्र तिच्यावरून खाली वळवायचं. सोपा मार्ग म्हणजे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत कापून काटकोनात चिकटवणं, जसं पुण्यातले फरशीवाले टाइलचा कोपरा जुळवतात. दिसतं झकास. पण जोड नेमका झिजेच्या जागी येतो, धार तीक्ष्ण राहते, आणि कधी व्हॅक्यूम क्लीनर आपटला की चित्र उडून राखाडी गाभा डोकावतो. तेव्हा जोड नकोच. फळी मागून कोरायची, पुढचा थर अखंड ठेवायचा आणि वाकवायची.

इथे टूलरूम कामाला येते. समजा फळी पाच मिलिमीटरची आहे. झिजथर इकडे 'मिल'मध्ये मोजतात, एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस मिलचा थर म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. मागून राउटरने व्ही आकाराची खाच मारायची ती झिजथर, चित्र आणि गाभ्याचा एक पापुद्रा एवढंच शिल्लक ठेवून. सगळं मिळून मिलिमीटरच्या आतबाहेर. फळी थोडी जरी कमानदार असली तरी खोली बदलते आणि एका टोकाला पाते चित्राला भिडते, म्हणून फळी टेबलावर दाबून धरणारी पट्टी लागतेच. अस्तर आधी खरवडून काढायचं, नाहीतर तो फोम दबतो आणि माप खोटं येतं.

व्हीचं टोक मात्र मी तीक्ष्ण ठेवत नाही. तीक्ष्ण खाच तीक्ष्ण वाकते. त्या रेषेवर पीव्हीसी ताणून पांढुरकं पडतं आणि झीज तिथूनच सुरू होते. वळणाला तीन मिलिमीटरची त्रिज्या द्यायची तर पाव वर्तुळाची लांबी येते पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. तेवढा खाचेचा तळ सपाट ठेवायचा. पत्र्याच्या कामात हेच बेंड अलाउन्सचं गणित, फक्त इथे धातूऐवजी छापील चित्र ताणलं जातं. खाचेला दोन्ही बाजूंनी पंचेचाळीसचा उतार असतोच, त्यामुळे वाकल्यावर आतला गाभा जवळपास मिटतो आणि उरलेल्या पोकळीत इपॉक्सी भरता येतं.

आता उष्णता. कडक पीव्हीसी मऊ करायची रीत वॉल्डो सेमनने १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीत काढली, आणि फळीच्या वरच्या थराला वाकायची तयारी त्याच घराण्यातून आली आहे. चुनखडीने ठासलेल्या गाभ्याला ती नाही; तो वाकायच्या आधी तुटतो, म्हणून तर तो कोरून काढायचा. हीट गन लांब धरून, हात चालता ठेवून, वळणाच्या रेषेवरून पुढेमागे न्यायची. सुरुवातीला काहीच होत नाही. मग पट्टी एकाएकी मवाळ होते. उडदाचा पापड निखाऱ्यावरून काढल्याबरोबर एक क्षण लवचीक असतो, तेव्हा त्याची गुंडाळी होते आणि पुढच्या क्षणी तुकडे, तेवढाच अवधी इथेही मिळतो. फरक एवढा की इथे उशीर झाला तर तुकडे होत नाहीत, नक्षी बसते. लाकडाच्या रेषांचा जो खरखरीत उठाव छापाबरोबर दाबलेला असतो, तो जास्त उष्णतेने सैल पडून सपाट होतो आणि कडेवर चकचकीत पट्टा उमटतो. दिव्याखाली तिरकं पाहिलं की लगेच दिसतो. तेवढं पुरे, तो तुकडा टाकायचा. फळी करपू तर अजिबात द्यायची नाही. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. मी हे काम गराजचं दार वर करूनच करतो, टेक्ससच्या जुलैतसुद्धा.

मऊ झालेली पट्टी लाकडी साच्यावर वळवायची, वरून ठोकळा दाबून क्लॅम्प लावायचे आणि पुरती थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. साच्याची धार तीन मिलिमीटरला गोल केलेली असते. बाहेर येते ती एकसंध फळी: माथ्यावरच्या रेषा वळणावरून खाली उतरलेल्या, मध्ये जोड नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा पाहणारा दर वेळी त्या वळणावरून बोट फिरवतो.

पण त्याआधी जिना तपासायचा असतो, आणि घोळ खरा तिथे होतो. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांचे नियम ज्या निवासी संहितेवर बेतलेले असतात त्या आयआरसीत एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: एका जिन्यातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटक्या रायझरमध्ये एका सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी, नेमकं सांगायचं तर ९.५ मिलिमीटर, एवढाच फरक चालतो. आता हिशेब करा. वरचा आणि खालचा मजला आहे तसाच, आणि मधल्या पायऱ्यांवर पाच मिलिमीटरची फळी चढवली. मधले रायझर जसेच्या तसे राहतात, कारण प्रत्येक पायरी सारखीच वर सरकते. पण तळाचा रायझर पाचने वाढला आणि माथ्याचा पाचने कमी झाला. दोघांत फरक पडला दहाचा. एवढ्याशा फळीने नियम मोडला. गालिचा काढून फळी लावताना चिन्ह उलटतं, कारण गालिच्याची जाडी जाते ती फळीपेक्षा जास्त. वरच्या मजल्यावर गालिचा ठेवलात तर शेवटची पायरी उंच होऊन बसते, आणि उतरताना तीच पहिली. पायाला हा फरक मोजपट्टीच्या आधी कळतो. पावलाने पहिल्या दोन पायऱ्यांत एक माप धरलेलं असतं आणि पुढे माणूस डोळे न लावता तेच टाकत जातो. म्हणून "फक्त जिनाच करा, वरचं नंतर बघू" म्हणणाऱ्याला मी आधी कागदावर हे गणित मांडून दाखवतो. बरेचजण मग वरचा पॅसेजही करून घेतात. काहींना वाटतं की मी काम वाढवतोय. वाटो.

दुसरी गोष्ट पायरीच्या नाकाची. मूळ लाकडी पायरी रायझरच्या पुढे इंचभर आलेली आणि गोल केलेली असते. हे नाक करवतीने उडवलं की फळी लावणं सोपं होतं, आणि पुष्कळ जण उडवतात. पण त्याच संहितेनुसार पायरी अकरा इंचांपेक्षा कमी खोल असेल तर नाक हवंच, १९ ते ३२ मिलिमीटर पुढे आलेलं. कारण साधं आहे: उतरताना चवड्याला तेवढी जास्तीची जागा मिळते आणि वर जाताना बोटं आत जातात. मी नाक ठेवतो, फक्त त्याची गोलाई कापून पुढे कठीण लाकडाची चौकोनी पट्टी बसवतो. वळवलेली फळी तिच्यावर चपखल बसते आणि मागे पोकळी राहत नाही. पोकळ कडेवर भार पडला की वळणाचा पापुद्रा कधी ना कधी चिरतो.

बाकीचं काम शिस्तीचं आहे. रायझर आधी, पायरी नंतर. जिन्यावर फळी तरंगती ठेवायची नाही, पुरती पॉलियुरेथेनच्या गोंदात बसवायची. आणि घरात माणसं राहत असतील तर एकाआड एक पायरी करायची, म्हणजे रात्री वर झोपायला जाता येतं.

एका घरी मी फक्त वरची जमीन करायला गेलो होतो. जिना आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेला, काम एक नंबर. कडा वळवलेल्या, रायझरलाही तीच फळी, रेषेला रेषा जुळलेली. त्या घरात साताऱ्याहून आलेल्या आई होत्या, सहा महिन्यांसाठी. त्या एका हाताने कठडा घट्ट धरून, आडव्या होऊन, प्रत्येक पायरी अंगठ्याने चाचपत उतरत होत्या. मला म्हणाल्या, "अहो दादा, ही पायरी संपते कुठं तेच कळत नाही हो. सगळं एकच चॉकलेटी."

त्यांचं बरोबर होतं, आणि ते माझ्याच हातखंड्यावर बोट होतं. कड जितकी बेमालूम, तितकी ती दिसत नाही. खालून हॉलमधून बघताना जिना एक वाहतं लाकूड वाटतो, फोटो छान येतो, पण वरून उतरणाऱ्याला पायऱ्यांच्या सीमाच पुसलेल्या असतात. पुष्कळांचा उपाय म्हणजे पांढरे रायझर. तो चढणाऱ्याचा उपाय आहे. उतरताना रायझर दिसतच नाहीत. मुंबईत जुन्या इमारतींच्या लाकडी जिन्यांना कडेवर पितळेची पट्टी असायची ती झीज थांबवायला, पण अंधाऱ्या जिन्यात चमकायची तीच.

तेव्हापासून पुढची पट्टी मी त्याच मालिकेतल्या गडद फळीची वळवतो आणि मागचा भाग हॉलशी जुळवतो. तसंही एका सात इंची फळीत पायरीची खोली भरत नाही, दोन पट्ट्या लागतातच. घरमालक बहुधा नाक मुरडतात. "पट्टेरी दिसेल", "मॅच होत नाही", "झेब्रा वाटतोय". मी सांगतो की जिना करतोय तो उतरणाऱ्या पावलासाठी. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल येणार असेल आणि तरीही फळ्या एकाच रंगाच्या हव्या असतील तर मी ओठाचं नोझिंगसुद्धा लावून देतो, गडद रंगाचं. ते बोचतं पण दिसतं. मोज्यांसाठी खोल उठावाची फळी निवडतो. गुळगुळीत, चमकदार फळी जिन्याला लावायला मी सरळ नाही म्हणतो.

भाड्याच्या घरांना, जिथे दर वर्षी सोफे आणि फ्रिज चढतात-उतरतात, मी वळवलेली कड करत नाही. तिथे ॲल्युमिनियमची पट्टीच बरी. राहत्या घरात वळवलेली कड टिकते, पण वळणावरचा झिजथर इतर जागेपेक्षा थोडा ताणलेला असतो हे मी आधीच सांगून ठेवतो. म्हणून पुढची आणि मागची पट्टी एकमेकींत अडकवत नाही, मधल्या जोडाची जीभ कापून नुसत्या शेजारी चिकटवतो. एक खराब झाली तर दुसरीला धक्का न लावता काढता येते. जाताना वळवलेल्या दोन-तीन जादा पट्ट्या घरमालकाला देतो, कारण पुढच्या वर्षी तो रंग बाजारात असेलच असं नाही. त्या गराजमध्ये किंवा पोटमाळ्यावर नको, इकडच्या उन्हाळ्यात वळण उघडतं. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली, सपाट.